भाऊजीच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज
भाऊजीनं हायब्रीड गाडी घेतली तवापासून त्यायचं ध्यान रस्त्यावर कमी अन् अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर जास्त. माह्या साक्षगंधालेही त्यायच्याच गाडीत निघालो. कारंज्याच्या बाजारातून गाडी बैलगाडीच्या चालीनं, बिनाआवाजाची चालून राह्यली होती. माहा नवा कुर्ता घामानं पाठीले चिकटला.

म्या म्हटलं, "भाऊजी, एसी तं लावा. अन् जरा हाना, पोरीवाले वाट पाहून राह्यले."

"एसी लावला, जोरात हानली, का पेट्रोल जळते. बॅटरीवरच जाऊ."

तेवढ्यात चार भाजीवाल्यायले वाटलं, गाडी बंद पडली. आपल्याकडं बंद गाडी दिसली का कोणी इचारत नाही, सरळ धक्का मारते. त्यायले थांबवाले म्या काच खाली केली, तं भाऊजीनं हात धरला.

"गप बस. आकडा पाह्य, कसा चढून राह्यला."

चौघायनं आमाले थेट पोरीच्या दारात नेऊन सोडलं. सासरे बाहेर आले. "नवी गाडी, अन् धक्का मारत आनली?"

भाऊजी छाती फुगवून म्हणाले, "काकाजी, पेट्रोलचा थेंब नाही जळला."

सासऱ्यानं घामानं निथळत्या चौघायकडं पाह्यलं. "जळलं ना, या चौघायचं जळलं. पह्यले यायले जेवाले बसवा. जवाई थांबतीन."