एका नंबरावर एक माणूस

—कागद राहू द्या बाजूले, बाबनराव, चहा घ्या आधी. सही काही पळून चालली नाही. अन् पेनही घरूनच आणला तुम्ही? वा, पक्की तयारी! बसा न जी, टेकून बसा, ती खुर्ची मागं झुकते, भेऊ नका. मले बाहेर बसते त्या वैभवीनं सांगतलं सकाळीच, प्रणालीचे बाबा उमरेडहून येऊन राहिले म्हणून. अन् तुम्ही कायले आले तेही मले माहीत आहे. तुमची पोरगी चार वर्षं दवाखान्यातल्या आमच्या टोकनच्या काउंटरवर होती — हुशार, वेळेवर येणारी, बोलणं गोड, मी काही नाही म्हणून राहिलो का? पण गोष्ट घडली न. बाई मेली न, बापा, दवाखान्यातल्या बाकावर, टोकन हातात घेऊन. असं झालं म्हणजे लोकायले एक नाव लागते. नातेवाइकायले लागते, पेपरवाल्यायले लागते, दवाखान्याच्या डॉक्टरले तर सगळ्यात आधी लागते. त्या दिवशी काउंटरवर प्रणाली बसून होती. आता त्याले मी काय करू, सांगा.

नाही, तुम्ही काहीच म्हटलं नाही, मीच बोलून राहिलो. सवय आहे. कॉलेजवाले बोलावते न मले भाषणाले — 'संजीव सर, पोरायले तुमचा प्रवास सांगा.' तो फोटो पाहा भिंतीवर, शाल, श्रीफळ, खाली लिहून आहे 'विदर्भाचा सुपुत्र'. सुपुत्र कुठला? भिवापूरचा. तुमच्या उमरेडच्या बाजूचाच, परका नाही मी. माहा बाप मिरचीच्या सातऱ्यावर, मिरची वाळवते त्या मैदानावर, पोती उचले अन् माय बायायच्या ओळीत बसून दिवसभर देठं खुडे, संध्याकाळी हात दुधात बुडवून बसे, एवढी आग होये. तिथून मी इंजिनियर झालो. पुण्यात त्या बटनवाल्या फोनमधी मराठी अक्षरं बसवली — आता हसू येते, पण तेव्हा 'ळ' दिसत नव्हता स्क्रीनवर, तो 'ळ' माहा आहे, बाबनराव! मंग बंगलोर. मंग मोठे फोन आले अन् मी म्हटलं, बस झालं, आता आपल्या लोकायसाठी काही करू. घ्या न, बिस्कीट घ्या.

अन् केलं. खिडकीतून पाहा खाली — ही धंतोली, सगळी दवाखान्यायचीच वस्ती. गडचिरोलीचा माणूस, यवतमाळचा माणूस, पहाटेच्या एसटीनं निघे अन् इथं फुटपाथवर गाठोडं टाकून दिवसभर बसे, बारी काही येत नसे. मी म्हटलं, घरून मोबाइलवर टोकन घ्या, बारी जवळ आली का मेसेज येईन, तेव्हा निघा. नावच ठेवलं 'बारी'. बासष्ट दवाखाने आहेत आज आपल्याकडे. बासष्ट! लोकायनं आशीर्वाद देल्ले मले, खोटं नाही सांगत, एका म्हाताऱ्यानं तर पाय धरले.

पहिली नोकरी कशी लागली माहीत आहे का तुम्हाले? हे सांगतलं का पोरं हमखास टाळ्या वाजवते. आमच्या गल्लीत फोन एकच, शेजारच्या काकूकडे. अकरा घरं अन् फोन एक. सगळ्यायच्या लग्नपत्रिकेवर तोच नंबर, बाजूले कंसात पी.पी. — शेजाऱ्याचा नंबर, त्यायले बोलवा म्हणजे. माह्या नोकरीच्या अर्जावरही तोच. कंपनीचा फोन आला तेव्हा मी होतो सातऱ्यावर, बापाले डबा द्यायले गेलतो. तर काकू भर उन्हात पायात काही न घालता धावत आली. 'संजू, पुन्याहून फोन हाये रे, होल्डवर ठेवला म्या!' होल्डवर ठेवला म्हणजे काय, तर रिसिव्हर उशीवर झोपवून आली होती. अन् हाताले मिरची. तो रिसिव्हर मी कानाले लावला अन् असा कान पेटला, असा पेटला — पंधरा मिनिटं मी डोळे गाळत 'येस सर, येस सर' करून राहिलो, अन् ते समजले पोरगं लय भावूक आहे! काकू बाजूलेच उभी, पदरानं वारा घालत. भागीरथाकाकू नसती न, तर मी आजही—

हो.

हो, तीच. असे काय पाहून राहिले? भिवापूरची भागीरथा. आहे मले माहीत, पेपरात नाव आलं होतं, मी काय आंधळा आहो? तेराव्याले गेलो नाही मी. कोणत्या तोंडानं — म्हणजे, काम होतं त्या दिवशी.

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. तुम्ही नाही काढला, बरं, मी काढला. दलाल लोकायनं परेशान करून सोडलं होतं आम्हाले. एकाच मोबाइलवरून वीस-वीस टोकनं घ्यायचे अन् दवाखान्यासमोर उभं राहून विकायचे. डॉक्टर म्हणे, संजीव, हे बंद कर. मी एका दुपारी बसलो अन् नियम टाकला — एका नंबरावर एक माणूस. त्याच नंबरावरून दुसऱ्याचं टोकन घेतलं का पहिल्याचं आपोआप रद्द. आठ दिवसांत दलाल गायब! पेढे वाटले आम्ही. तुमच्या प्रणालीनंच आणले होते, दीक्षाभूमीजवळच्या दुकानातून.

एका नंबरावर एक माणूस. अन् हे कोणं लिहिलं? ज्याचा स्वतःचा नंबर वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत पी.पी. होता, त्यानं. पुण्याच्या पोरानं लिहिलं असतं तर समजलो असतो मी. मले माहीत नव्हतं का आपल्या गावात फोन कसा चालते? काकूचा तो जुना फोन कधीचाच बंद झाला. आता गल्लीत देवाजी आहे, त्याले मोबाइल जमते, म्हणून अर्ध्या गल्लीचे टोकन त्याच्याच नंबरावर. काकूच्या छातीत दुखत होतं तर त्यानं चार नंबरचं टोकन काढून देल्लं. मंग त्याच्या मनात आलं, गाडी करून चाललोच आहो तर आपला गुडघाही दाखवून घेऊ. काढलं आपलंही. झालं! काकूचं रद्द. मेसेज गेला न त्याले, का नाही जाणार? इंग्रजीत गेला. हो, इंग्रजीत. तो 'ळ'वाला मीच, अन् मेसेज इंग्रजीत. कोण वाचते?

काकू आठ वाजता येऊन बसली. चार नंबरची बारी आली, स्क्रीनवर नाव नाही. प्रणालीनं तिले नवीन टोकन देल्लं, एकाहत्तर. अन् चौकशीच्या रिपोर्टमधी लिहिलं आहे का कर्मचाऱ्यानं नोंद नीट तपासली नाही. ते वाक्य माहं नाही, वकिलाचं आहे. — बरं, माहं आहे. वकिलानं फक्त शुद्धलेखन तपासलं. पण तुम्ही माही जागा पाहा न! बासष्ट दवाखाने. सिस्टिमची चूक म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी बासष्टही बंद, इथं चाळीस पोरं कामाले आहेत, त्यायनं कुठं जावं? एक पोरगी घरी बसली का चाळीस बसले, तुम्हीच तोला. अन् मी सुधारलं नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी तो नियम काढून टाकला. आता एका नंबरावर पाच माणसं चालते. गुपचूप टाकला तो अपडेट, कोणाले कळलंही नाही.

अन् त्या दिवशी प्रणालीनं मले फोन करायलेच नाही पाहिजे होता. काउंटरवाले फोन मॅनेजरले करते, मालकाले नाही. पण तिनं सरळ मले लावला, साडेदहाले. समोर हैदराबादचे लोक बसून होते, कंपनी घ्यायले आलेले. मी त्यायले तेच सांगून राहिलो होतो का आमच्या सिस्टिममधी वशिला चालत नाही. म्हटलं, ऐकाच, अन् फोन स्पीकरवर टाकला. प्रणाली म्हणते, 'सर, एक आजी आहे, घामानं भिजली आहे, नाव दिसून नाही राहिलं, मधातच आत सोडू का?' मी म्हटलं, 'स्क्रीनवर नाही म्हणजे नाही. एकाले सोडलं का उद्या शंभर येतीन.' ती म्हणते, 'सर, ती म्हणून राहिली का संजूले सांग, भागीरथाकाकू आली.' अन् मी — स्पीकरवर होतो न मी, चार लोक ऐकून राहिले होते — मी म्हटलं, 'दवाखान्यात आलं का सगळेच माहे काका-काकू होते.' हसले ते. मीही हसलो. दीड वाजता गेली काकू. तेव्हा बावन्न नंबर चालू होता.

काय? प्रणालीनं सांगतलं नाही तुम्हाले? फोन केल्याचं? — कोणालेच नाही? घरीही नाही?

मंग तुम्ही — मले वाटलं तुम्हाले माहीत आहे. मले वाटलं म्हणूनच तुम्ही आले.

दर सोमवारी भिवापूरले जाते म्हणता? काकूच्या घरी? काय करते तिथं? ... काकूच्या सुनेसंग बसून देठं खुडते. मंग घरी येऊन हात लपवते तुमच्यापासून. अन् तुम्हाले म्हणते, 'बाबा, मीच आत सोडायले पाहिजे होतं.'

आणा तो कागद.

'प्रणालीची चूक नव्हती.' एवढंच? एकच ओळ? मले वाटलं वकिलाकडून लिहून आणलं असन. कोर्टात नाही द्यायचा? पेपरातही नाही? फक्त तिले दाखवायचा. माही सही पाहून तिले पटन म्हणता. हं. अक्षर तुमचं आहे का? चांगलं आहे. थांबा, पेन द्या तुमचाच, माहा कुठं गेला — एक मिनिट हं, हैदराबादचा फोन आहे, उचलावा लागते.

—येस सर. नो, नो, नथिंग पेंडिंग. मॅटर क्लोज्ड, सर. स्टाफ मिस्टेक, सर. हां जी. येस सर.

हं. तर बाबनराव. असं करू आपण. सहीचं राहू द्या सध्या, कागद म्हणजे कागद असते, आज तुमच्या खिशात, उद्या कोणाच्या हातात जाईन, काही सांगता येत नाही. तुम्ही साधे माणसं. त्यापेक्षा प्रणालीले सोमवारी पाठवून द्या, बुटीबोरीच्या ऑफिसात लावून देतो, आतलं काम, लोकायशी बोलायचंच नाही. सोमवारी नाही जमत? बरं, मंगळवारी. अन् आता मी जे बोललो न, ते — मी काहीच बोललो नाही. मनाचं दुखणं असते माणसाचं, निघते तोंडातून. तुम्ही मोठे आहा, समजून घ्या. तिले तर काहीच सांगू नका, तिनं इतके दिवस नाही सांगतलं तर तिचंही काही मन असन न त्यात.

उठले? चहा तर तसाच राहिला. रागावले का? बोला न काहीतरी, बापा, एवढा वेळ मीच बोलून राहिलो. वैभवी, बाबनरावायले लिफ्टपर्यंत सोड. अन् पुढचं कोण आहे, पाठव त्यायले आत.

कागद घेतला न? बरं केलं. अहो — बाबनराव! बाबनराव, पेन राहिला तुमचा.