कड्यावरचा काठीवाला

ऐका रं. लाईट गेलीच हाय तर सरका जवळ. ए शेवंते, त्यो मोबाईल पालथा ठेव, त्याच्या उजेडात गोष्ट मरती.

गेल्या सालची गोष्ट. धनगरवाड्याचा रस्ता मोजायला कुंदाबाई आलती, मोजनीवाली. एकटीच! आमच्या टायमाला मोजनी म्हंजी चार मानसं. दोघं साखळी वढनार, त्यातला एक मी. एक जन लांब, पट्ट्यापट्ट्याची काठी धरून हुबा. साहेब दुर्बिनीतनं बघनार आन हातानं इशारा करनार, डावीकडं सर, मागं हो. आन आता? एकच काठी, तिच्या टोकाला डब्याएवढं यंत्र. ते आभाळातल्या उपग्रहाला इचारतंय, मी कुठं हाय? बोटभर चूक न्हाय! मला तर रागच आलता, खोटं कशाला सांगू.

तर त्या दिवशी दिवस मावळला तरी दोन ठिकानं मोजायची रायली, म्हनून बाई पठारावरच थांबली. सकाळीच बजावलं व्हतं मी, "पोरी, अंधारात कड्याच्या वाटंनं येऊ नगंस." ऐकतीय व्हय? निघाली त्याच वाटंनं, काठी खांद्यावर टाकून.

चालली, चालली. उंबर आला. पुढं गेली. परत उंबर! पुन्यांदा चालली. परत त्योच उंबर! हातातली बॅटरी मिणमिणली आन इझली. आन मग लांब, चांदन्यात, एक मानूस दिसला. ताठ हुबा. हातात पट्ट्यापट्ट्याची काठी.

दुसरं कुनी आसतं तर बोंबलत पळालं आसतं. पन ही मोजनीवाली! कालिजात दुर्बिनीवरच शिकल्याली. काठीवाला दिसला की हात आपसूक वर. हिनं इशारा केला, डावीकडं सर. त्यो सरला. आनखी जरा. सरला! "हां, बरोबर," म्हनली आन निघाली की सरळ त्याच्याकडं! धा-बारा पावलं टाकली आन थबकली. आरं, काठी तर हिच्याच खांद्यावर! मग त्यो कोन?

काठीला अडकवलेला यंत्राचा मोबाईलवानी पडदा चालू केला. दिवसभर जिथं जिथं काठी टेकली, तिथं तिथं ठिपका. पुढं ठिपका न्हाय. पडद्याच्या उजेडात बघितलं, तर पुढं जमीनच न्हाय! आनखी एक पाऊल, की खाली दरी. त्यो मानूस हवेत हुबा व्हता, बाबांनो, हवेत!

ही मागं सरली. त्यो जवळ आला. आनखी मागं. आनखी जवळ. तोंड दिसंना, नुसता आवाज. "बाईसाहेब, सांगाल तितका सरलो. आता तरी हात करा की."

कसला हात? मग उमगलं तिला. काम संपलं की साहेब दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली सोडतो. म्हंजी झालं, काठी आडवी कर, घरी जा. तिनं रडत रडत दोन्ही हात वर केले, खाली सोडले.

"झालं?" त्यो म्हनला.

"झालं, दादा."

काठी आडवी झाली. मानूस न्हाय, काय न्हाय. नुसता वारा.

पडद्यावरचा एकेक ठिपका गाठत पोरगी खाली आली. माझ्या दारात बसली आन "वाचले, तात्या, वाचले," म्हनत लहान पोरीवानी रडली. मी पानी दिलं, सगळं ऐकलं, आन मीबी रडलो. आरं, त्यो भिवा! माझ्या जोडीचा. चाळीस सालं झाली, ह्याच कड्यावर मोजनी चाललीती. साहेब दुर्बिनीला डोळा लावून "मागं हो, मागं हो" करत रायला, आन भिवा मागं होत गेला. साखळी माझ्या हातात व्हती. मला वराडायला सुचलं न्हाय. चाळीस सालात त्या रात्री पयल्यांदा गाढ झोपलो मी.

बाईनं रस्ता कड्यापासनं शंभर पावलं आत घेतलाय. त्याच रस्त्यानं या-जावा. जवळ पडती म्हनून जुनी वाट कुनी धरू नगा. भिवा घरी गेला. पन कडा, पोरांनो, हाय तिथंच हाय.