मुसुबीला एकटं सोडा

...नाही, मी म्हणते माणसाची झोप उडावी तर एखाद्या माणसापायी उडावी, नवऱ्यापायी उडावी, गेला बाजार सासूपायी उडावी, पण माझी उडाली ती एका सरड्यापायी, आणि हे मी कुणाला सांगू? सरडाही असातसा नाही. नाकावर तीन शिंगं, चालणं असं की जणू प्रत्येक पावलाआधी वकिलाचा सल्ला घेतोय, आणि डोळे दोन दिशांना, म्हणजे एक माझ्याकडे आणि एक माझ्या मागच्या भिंतीकडे, आणि तुम्हाला सांगते, भिंतीकडे बघताना त्याच्या नजरेत जास्त आदर असायचा.

हा मुसुबी. नाव माझ्या लेकीनं ठेवलं, काइमीनं. भाताच्या गोळ्यावर मांसाची चकती आणि वर समुद्री शेवाळाची पट्टी बांधलेला मुसुबी तिला डब्यात रोज लागतो, आणि ज्या दिवशी हा हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा प्राणी तिला पेरूच्या कुंपणात सापडला त्या दिवशी तिला भूक लागली होती, एवढाच त्या नावाचा इतिहास. वर डोंगरात, आमच्या बेटावरच्या मकावाओ गावात, असले सरडे कुंपणाकुंपणात असतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, तिथे ती धाव नाही, तो त्यांचा कायमचा पत्ता आहे.

आमचा पत्ता मात्र कायमचा नव्हता. मालकांनी घर विकलं, घेणारे समुद्रापलीकडचे, आणि आम्ही बोचकी बांधून खाली वायलुकूला सासूबाईंकडे आलो. आता सहा वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं? मी शिकलेली बाई, मुलांच्या मनावरची पुस्तकं वाचलेली, खुणा करून वाचलेली, मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "थोडे दिवस व्हावोकडे राहायला जाऊ हं." व्हावो म्हणजे तिची आजी. आणि थोडे दिवस म्हणजे... तुम्हीही आया आहात, थोडे दिवस म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगू? वर आणखी म्हणाले, "मुसुबीला तर कळणारसुद्धा नाही. पिंजरा तोच, फांद्या त्याच."

कळलं. मुसुबीला पहिल्या तासात कळलं. व्हरांड्यात पिंजरा टेकवला मात्र, हा काळाठिक्कर, करपलेल्या वांग्यासारखा! फांदीच्या मागच्या बाजूला जाऊन चिकटला, किडे समोर नाचले तरी ढुंकून बघेना, आणि काइमीनं हात पुढे केला तर अंग फुगवून, तोंड वासून तिच्यावर फिस्सकन ओरडला. तिच्यावर! जिच्या खांद्यावर बसून तो गेलं वर्षभर जगाची पाहणी करायचा. काइमी रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. तिनं हात मागे घेतला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू म्हणालीस त्याला कळणार नाही."

झालं. तेव्हापासून माझी लेक रस्ता ओलांडताना माझा हात धरेना. आणि स्वतःबद्दल काही विचारेना. विचारायची ते मुसुबीबद्दल. "मुसुबीला परत कधी न्यायचं?" "मुसुबीची पेरूची फांदी तिथेच आहे ना?" आणि मी, "आधी तो बरा होऊ दे, मग बोलू." म्हणजे बघा, सरडा बरा होईपर्यंत मला मुदत, आणि सरडा उपाशी मेला तर... तर माझं काय होईल, याचा हिशोब मी छताकडे बघत करायचे, आणि शेजारी डुएन, म्हणजे माझा नवरा, घोरायचा. "होईल गं सगळं नीट," एवढं त्याचं योगदान.

मग मी वाचलं. आम्ही शिकलेल्या बायका दुसरं काय करणार, घर पेटलं तरी आधी आगीवर वाचू. सगळीकडे एकच लिहिलेलं. जागा बदलली की हा प्राणी घाबरतो. त्याच्याकडे टक लावून बघू नका. वरून हात नेऊ नका, त्याला तो ससाणा वाटतो. आडोसा द्या. पानांवर पाणी फवारा आणि त्याला एकटं सोडा. एवढंच हो. एकटं सोडा.

आता तुम्ही सांगा, आमच्यात कुणाला एकटं सोडतात का? आमच्यात एखादा माणूस एकटा बसलेला दिसला की त्याला आधी ताट वाढतात आणि मग विचारतात तू कोण. नवीन जागी आलेल्याला एकटं सोडायचं म्हटल्यावर सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी म्हटलं याला रस्त्यावर टाका.

"लुआना," सासूबाई म्हणाल्या, "घरात आलेला जीव उपाशी आहे आणि तू म्हणतेस बघू नका? कुणी शिकवलं तुला हे?"

"आई, लिहिलंय तसं."

"लिहिणाऱ्याच्या घरी कुणी जात नसेल."

आणि त्यांनी फोन उचलला. बस्स. क्लॅरेन्स काका आले. काका म्हणजे कुणाचेच काका नाहीत, पलीकडच्या गल्लीतले, म्हणून सगळ्यांचे. येताना बरणीभर झुरळं. "डोंगरातले किडे खाऊन कंटाळलाय गं पोर. वायलुकूचं खाऊन बघू दे, इथल्या झुरळाला चव आहे." ती चव त्यांनी कशी ठरवली ते मी विचारलं नाही. झाकण सैल होतं. मुसुबीनं एकही खाल्लं नाही, आणि सासूबाई पुढचा आठवडाभर चप्पल हातात घेऊन स्वयंपाक करत होत्या, मला टोमणा मारत, "याला म्हणतात एकटं सोडणं? माझ्या डब्यात तर चांगली सोबत आहे."

मग फुमिको मावशी. शेजारच्या. फार प्रेमळ, प्रेमळ माणसांची मला हल्ली धडकीच भरते. त्या पिंजऱ्यापुढे उभ्या राहिल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एकटा पडलाय बिचारा, त्याला त्याच्यातलं कुणीतरी हवं." आणि घरी जाऊन आरसा घेऊन आल्या! मी धावेपर्यंत आरसा पिंजऱ्याला टेकलेला. मुसुबीनं आरशात पाहिलं, तीन शिंगांचा एक काळा, संतापलेला राक्षस आपल्यावर चाल करून येतोय. मुसुबी फुगला, म्हणून आरशातलाही फुगला. मावशी म्हणतात, "बघ, ओळख पटली."

काइमी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं पाहायची, मुसुबीसारखी, एका डोळ्यानं त्याच्याकडे आणि एका डोळ्यानं माझ्याकडे. आणि मी काय करत होते? मी सगळ्यांना कॉफी विचारत होते. कारण आलेल्याला जा कसं म्हणायचं? सरड्याला एकटं सोडा म्हणणारी मी, मला एका माणसाला दाराबाहेर काढता येईना.

रविवारी कळस झाला. सासूबाईंनी मुसुबीचं स्वागत ठेवलं. हो, स्वागत, सरड्याचं! दारात चपलांचा ढीग, टेबलावर भात, मासा, गोड पाव, आणि प्रत्येकजण येताना एक हार घेऊन. आमच्याकडे पदवी मिळवलेल्या पोराला कानापर्यंत हार घालतात, पोर कोणतं ते नंतर आवाजावरून ओळखायचं. तसे पिंजऱ्याला. मोगऱ्याचे, पानांचे, पुढून, मागून, वरून. शेवटी सासूबाईंनी चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी शिंपडलं, आणि त्या हारांच्या फटीतून मी काय पाहिलं? जीभ. मुसुबी मोगऱ्यावरचे थेंब चाटत होता. रोज मी नळाचं पाणी फवारत होते हो, त्याच व्हरांड्यात, त्याच माणसाला!

"तहान होती," सासूबाई म्हणाल्या, "पण नुसत्या पाण्याची नव्हती."

खरं तर पाणी कुठलं हा मुद्दाच नव्हता. हारांनी पिंजरा असा झाकला गेला की आता कुणाला मुसुबी दिसेना आणि मुसुबीला कुणी दिसेना. आडोसा! सगळी माणसं भात घेऊन आत गेली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तो एकटा राहिला. आमच्या लोकांनी प्रेमानं त्याला इतकं घेरलं की शेवटी त्याला एकांत मिळाला. दुसऱ्या दिवशी हार बाजूला करून पाहिलं तर कडेकडेनं हिरवा, आणि किड्यांच्या वाटीत एकही किडा नाही. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. मी म्हटलं, घ्या श्रेय, मला फक्त सरडा जिवंत हवाय. मग सुकतील तसे नवे हार त्याच ओवायला लागल्या, आणि मी एका शब्दानं अडवलं नाही.

आता उरला विश्वास. पुस्तकात लिहिलेलं, हात खालून न्या, फांदीसारखा धरा आणि वाट बघा. त्याला यायचं तर तो येईल. तर मी संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकायचे, एका हातानं कपड्यांच्या घड्या घालायचे आणि दुसरा हात पिंजऱ्याच्या दारात, तळवा वर. मुंग्या यायच्या, हात माझा आहे की डुएनचा ते कळायचं नाही. सासूबाई येता-जाता, "काय गं, भीक मागतेस?" आणि खरंच सांगते, तसंच वाटायचं.

काइमी पलीकडे येऊन बसायला लागली. आधी दाराशी, मग पायरीवर, मग घड्यांच्या ढिगापाशी. बघायचं नाही हा नियम, म्हणून मी तिच्याकडेही बघत नव्हते. ती मोजे जोडायची, चुकीचे जोडायची, मी काही बोलायचे नाही. मला सवय लागली न बोलायची, आणि तुम्हाला सांगते, मला आयुष्यात कधी इतकं अवघड काही गेलं नाही, बाळंतपणसुद्धा नाही.

आणि परवा तो आला. एक पाय माझ्या बोटावर, चिमट्यासारखा. थांबला. विचार केला. दुसरा पाय. मग मनगट, कोपर, खांदा, मी श्वास धरलेला, आणि वर, वर, माझ्या केसांत. डोक्यावर जाऊन बसला. हिरवागार. मला तर रडूच फुटायला आलं, म्हटलं जिंकले, म्हटलं विश्वास बसला, म्हटलं... पण हलता येईना ना! मान ताठ, डोक्यावर सरडा, मांडीवर डुएनची बनियन.

आणि तेवढ्यात काइमी उठली, समोर येऊन उभी राहिली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

"आई, तो बरा झाला ना?"

"हो."

"मग आपण परत कधी जायचं?"

‘आपण’ म्हणाली. ‘मुसुबीला’ असं नाही म्हणाली. आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही, कॉफी विचारू शकत नाही, मान खाली घालू शकत नाही. सगळी पुस्तकं आठवून पाहिली. एकातही डोक्यावर सरडा असताना काय करावं ते नव्हतं.

मी म्हटलं, "नाही जायचं, काइमी. ते घर दुसऱ्यांचं झालं. आपण आता इथेच राहणार. मला तुला सांगता येत नव्हतं."

वर त्याचे पाय केसांत रुतलेले. म्हटलं, आता ही रडेल, ओरडेल, आत पळून जाईल, पुन्हा कधी माझा हात धरणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं...

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, अगदी जवळ आली, माझ्या कानाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "बरं. पण त्याला एवढ्यात नको सांगूस. आत्ताच कुठे जेवायला लागलाय."