सुकेळी काढून ठेव

रोझलीन : ...आणि चपला काढायला लावतात. सगळ्यांसमोर. घड्याळ, बांगड्या, गळ्यातला क्रूस, सगळं त्या ट्रेमध्ये ठेवायचं.

सालोमी : क्रूससुद्धा?

रोझलीन : क्रूससुद्धा. मग चौकटीतून जायचं. चौकट ओरडली की एक बाई येते आणि अंगभर हात फिरवते. माझ्या अंगावरून फिरवला तेव्हा वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

सालोमी : कुठे, मुंबईला?

रोझलीन : मुंबईला, दोहाला, टोरोंटोला. तीन ठिकाणी. आणि दर वेळी पहिल्यापासून. आधीच्यांनी तपासलंय म्हटलं तरी ऐकत नाहीत.

सालोमी : फिरवू देत हात. या अंगात आता लपवण्यासारखं उरलंय काय, वहिनी? ती सुतळी दे इकडे. चेन तुटलीय या बॅगेची.

रोझलीन : तुला चेष्टा सुचते. तुझ्या हातातल्या त्या बांगड्या निघतात का? सासूबाईंनी घातल्यापासून एकदा तरी काढल्यास?

सालोमी : साबण लावून बघितलं. नाही निघत.

रोझलीन : मग कापतात. कटर असतो त्यांच्याकडे.

सालोमी : सोन्याच्या बांगड्या कापतात?

रोझलीन : सोनं आहे की पितळ, त्यांना काय करायचंय? मी आपलं तुझ्या चांगल्यासाठी सांगते. मागल्या वर्षी एकटीनं जाऊन आलेय म्हणून कळतं. हे काय कोंबलंयस आणखी?

सालोमी : सुकेळी. यंदा राजेळी केळी बरी निघाली. आठ दिवस मांडवावर वाळवली, कावळे हाकत बसले होते. आपल्या जोआनाला तिकडे कॅनडात माझ्या हातचीच लागतात.

रोझलीन : काढून ठेव.

सालोमी : का?

रोझलीन : अगं, मशीनमध्ये काय दिसतं माहिताय? सुतळीनं बांधलेल्या काळ्या कांड्या! त्यांना बॉम्ब वाटतो. मला बाजूला उभं केलं, तीन-तीन पोलीस. मी म्हणते केळी, केळी, तर केळी कधी काळी असतात का म्हणून विचारतात.

सालोमी : मग?

रोझलीन : मग काय, डस्टबिनमध्ये. माझ्या डोळ्यांदेखत. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.

सालोमी : सगळी टाकली?

रोझलीन : सगळी.

सालोमी : बरं. काढते.

रोझलीन : आणि सुकं खोबरं ठेवलंयस ते पण काढ.

सालोमी : आपल्या वाडीचं आहे. खोबऱ्यानं काय बॉम्ब होतो?

रोझलीन : तेल असतं ना त्याच्यात. पेटतं म्हणतात.

सालोमी : तुझ्या हिशोबानं मी रिकाम्या बॅगेनं जायचं. चपलांशिवाय. बांगड्या कापून.

रोझलीन : आणि हे सगळं काहीच नाही. खरं पुढे आहे. दोहाला उतरवतात आणि सोडून देतात. पुढचं विमान लगेच नसतं. अख्खी रात्र काढायची. तो विमानतळ म्हणजे आपलं नंदाखाल, निर्मळ आणि आगाशी एकत्र केलं तरी मावेल एवढा. आतल्या आत आगगाडी, तिला ड्रायव्हर नाही. पाटी इंग्रजीत नाहीतर अरबीत. तुला यातलं काय येतं?

सालोमी : सही येते. आणि चर्चमधलं मिस्सेचं पुस्तक वाचता येतं.

रोझलीन : मिस्सेचं पुस्तक मराठीत आहे, बाय. आणि जिथे बस म्हणतात, तिथून विमान सुटतच नाही. ऐन वेळी दरवाजा बदलतात. भोंग्यावर काहीतरी सांगतात, सगळे उठून पळतात. आपण बसलेल्या. विमान गेलं की गेलं. मग तुला ना कुणी ओळखत, ना तुझा फोन लागत. जोआना तिकडे हॅलिफॅक्सला विमानतळावर पोराला, बारक्या जॅक्सनला, घेऊन थंडीत उभी. आणि काकी कुठे? काकी दोहात, खुर्चीवर, माळ ओढत.

सालोमी : माळ वरच्या कप्प्यात ठेवते मग.

रोझलीन : मी घाबरवत नाही हं.

सालोमी : हरवण्याचं भय मला आहेच, वहिनी. लहानपणी एकदा वसईच्या बाजारात हरवले होते. अजून स्वप्नात येतं. आई पुढे चाललेली दिसते, आणि हाक मारावी तर तोंडातून आवाज फुटत नाही.

रोझलीन : बघ. आणि ती तर वसई होती.

सालोमी : परवाचं विमान आहे.

रोझलीन : तिकिटाचं काय, रद्द होतं.

सालोमी : सोमवारपासून जोआना कामाला जाणार. पोराला बघायला कुणी नाही. परक्या बायकांच्या पाळणाघरात टाकावं लागेल म्हणून रडत होती.

रोझलीन : तिकडे सगळेच टाकतात.

सालोमी : असं म्हणतेस? मग लाव फोन.

रोझलीन : कुणाला?

सालोमी : जोआनाला. सांग, काकी घाबरली, येत नाही. तूच सांग, तुला सगळं माहीत आहे. बॉम्ब, कटर, आगगाडी. सांग नीट समजावून.

रोझलीन : मी कशाला? तिनं तुला बोलावलंय.

सालोमी : आई आहेस ना तिची? सांग. आणि मम्मी, मग तू येतेस का, असं ती म्हणते का ते बघू.

(रोझलीननं फोन हातात घेतला. काच पदरानं पुसली, मग पुन्हा पुसली. नंबर काही लावला नाही. ओटीवर सुकेळ्यांचा वास पसरला होता आणि तिला तो नेमका आत्ताच सहन होत नव्हता.)

सालोमी : का गं? लागत नाही?

रोझलीन : पोटात मी वागवली तिला. तू नाही.

सालोमी : मी कुठे म्हणते मी वागवली?

रोझलीन : नवरा गेल्यावर तिला तुझ्यापाशी ठेवून कुवेतला मी गेले. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भाताची पातेली मी घासली. या ओटीवरची ही लादी त्यातून आलीय. जोआनाचं कॉलेज त्यातून झालं. आणि आता ती म्हणते, काकीच हवी. काकीला जमतं. काकीच्या हाताला वळण आहे! मी काय तिकडे मजा मारत होते?

सालोमी : कुणी म्हटलं तसं?

रोझलीन : कुणी म्हणत नाही, तेच तर. कुणी म्हटलं असतं तर भांडले असते.

सालोमी : वहिनी, एक सांगू? सुकेळी पोचली होती.

रोझलीन : काय?

सालोमी : मागल्या वर्षीची. जोआना रोज एक खायची. मला फोनवर दाखवायची, वरचं केळीचं पान सोडवते, बोटं चाटते. म्हणायची, काकी, मम्मीनं कपड्यांच्या घडीत जपून आणली, एकसुद्धा मोडलं नाही.

रोझलीन : तुला ठाऊक होतं? मग मघापासून बरं बरं काय करत होतीस?

सालोमी : ऐकत होते, कुठवर जातेस ते. कटरपर्यंत आलीस तेव्हा हसू दाबताना माझं पोट दुखलं.

रोझलीन : मेले, चोरटी कुठली!

सालोमी : मी चोरटी? आणि तू कोण? पण ते दोहाचं ऐकून खरंच घाबरले, हं. ते खोटं नव्हतं. तुझा आवाज बदलला होता.

रोझलीन : नव्हतं खोटं.

सालोमी : मग खरं सांग. तू कशी गेलीस?

रोझलीन : कशी म्हणजे? मेल्यागत गेले. कुवेतला जाताना आम्ही सगळ्या बायका होतो, पुढे एजंट. एकटी अशी पहिल्यांदाच. दोहाला एका खुर्चीवर बसले ती हललेच नाही. मुतायलासुद्धा नाही. वाटलं, उठले आणि दरवाजा बदलला तर? आणि खरंच बदलला. मी उठून उभी राहिले आणि कुठे जायचं कळेना. रडू आलं. मग फरशी पुसणारी एक नेपाळी पोरगी होती, तिनं हिंदीत विचारलं. मॉप भिंतीला टेकवला आणि हाताला धरून थेट दरवाजापर्यंत नेलं. तू काउंटरवाल्यांना विचारू नको. पुसणाऱ्या बायांना विचार.

सालोमी : पुसणाऱ्या बायांना. लक्षात ठेवते.

रोझलीन : टोरोंटोला बॅग आपणच पट्ट्यावरून उचलायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. ते विसरू नको. आणि तिथे साहेब विचारतो, खायचं काय आणलं. लपवायचं नाही. सुकेळी म्हणून दाखवायची. माझ्या वेळी त्यानं वास घेतला, नाक मुरडलं आणि जा म्हणाला.

सालोमी : आणखी काय विचारतो?

रोझलीन : कशाला आलात. म्हटलं, मुलीचं बाळंतपण. तुम्ही तिच्या कोण? म्हटलं, आई. त्यानं ठप्पा मारला. मला इतकं बरं वाटलं सालोमी, काय सांगू. म्हटलं, झालं. आता सरकारनंच मान्य केलं.

सालोमी : मग दोन महिन्यांत परत का आलीस? सहा महिने राहणार होतीस. गावात सांगितलंस, थंडी सोसली नाही.

रोझलीन : थंडी सोसली गं. पहिल्याच दिवशी बारक्याला आंघोळीला घेतला. टबात धरायचा असतो तिकडे. कुठे धरावा कळेना. तो किंचाळतोय, साबणानं सटकतोय. जोआना दारात उभी होती. म्हणाली, मम्मी, दे, मी करते. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर चाललं असतं.

सालोमी : एवढंच?

रोझलीन : मग तिनं खाली चटई टाकली, पाय पसरून बसली, पोराला नडग्यांवर घेतलं आणि वरून पाणी. पोर गप्प! म्हणाली, काकी अशीच घ्यायची ना शेजारच्या रिचेलच्या बारक्याला, मी बघितलंय. मी कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभी. रोज टॉवेल धरून उभी राहायचे. दोन महिने.

सालोमी : तुला एक सांगते, मग तू हवं तर मार. मागल्या वर्षी तुझं तिकीट आलं ना, तेव्हा मी तुझ्याशी धड बोलत नव्हते. आठवतं?

रोझलीन : म्हणालीस, दाढ दुखते.

सालोमी : कसली दाढ! तुझी सुकेळी बांधताना मनात म्हणत होते, हिचं विमान चुकू दे. मी तिचा ताप काढला, मी तिच्या उवा काढल्या, आणि नातवाचं तोंड ही आधी बघणार. शनिवारी फादरपुढे कबूलसुद्धा करून आले.

रोझलीन : काय म्हणाले फादर?

सालोमी : म्हणाले, विमान चुकलं का? म्हटलं, नाही. म्हणाले, मग तीन नमो मरिया म्हण आणि जा.

रोझलीन : तीनच? माझ्या विमानाची किंमत तेवढीच?

सालोमी : आता तू जाऊन कटरचं सांग. तुला अख्खा तेर्स लागेल, पन्नास नमो मरिया.

रोझलीन : आण ती सुकेळी इकडे. अशी ठेवू नको, मोडतील. लुगड्याच्या घडीत घाल. बांगड्यांना कुणी हात लावत नाही. चौकट ओरडली तर नुसता हात वर करून दाखव.

सालोमी : आणि खोबरं? ते पण ठेवते.

रोझलीन : खोबरं काढ. ते खरंच नेऊ देत नाहीत.

सालोमी : झालं परत सुरू.

रोझलीन : आल्तारावरच्या मरियेची शपथ! बाकी सगळं खोटं, खोबरं खरं. माझ्या बॅगेतून काढून घेतलं होतं.

सालोमी : काढते बाई. चटणी कर त्याची. वहिनी, त्या साहेबानं मला विचारलं, तुम्ही जोआनाच्या कोण, तर काय सांगू?

रोझलीन : काकी सांग.

सालोमी : काकी.

रोझलीन : थांब. काकी म्हणजे त्याला काय कळणार? सांग, हिला मी वाढवली. जोआनाकडून इंग्रजीत लिहून मागव आणि पाठ कर. दोहाला वेळच वेळ आहे.

सालोमी : तुला चालेल?

रोझलीन : गाठ घट्ट मार त्या सुतळीला. अशी नको, सुटेल... आणि ऐक. आंघोळ घालशील तेव्हा फोन लाव.

सालोमी : तिथली सकाळ म्हणजे इथे संध्याकाळ, तेर्साची वेळ.

रोझलीन : तेर्स मी आधी आटपीन. तू माझ्याशी बोलू नको, पोराकडे बघ. फोन फक्त भिंतीला टेकवून ठेव.

सालोमी : जॅक्सन दिसेल असा?

रोझलीन : तुझे हात दिसतील असा.