मोरीसान दवाखान्यात गेला आणि मी डेमोला

माझं सगळं शिक्षण इचलकरंजी आणि कोल्हापूर, वडील कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस, आणि मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा ते मला म्हणायचे, शैला, डोळे मिट आणि ऐक, सांग कुठला माग चुकतोय. मी सांगायची, बहुतेक वेळा बरोबर सांगायची. त्यामुळं मशिनची भीती मला कधी वाटली नाही. माणसांचीही फारशी नाही वाटली, पण ते पुढं सांगते.

एमएस्सी मॅथ्स केलं, लग्न झालं, आमचे हे इंजिनिअर, शिकागोला नोकरी, म्हणून तिथून जवळच्या नेपरव्हिलला आलो. दोन मुलं झाली. धाकटा शाळेत जायला लागला तशी मी कम्युनिटी कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका जपानी कंपनीच्या इथल्या ऑफिसात लागले. लेथ मशिन, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, कॉम्प्युटरनं चालवायचं, ते कंट्रोल बनवायची ती कंपनी. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं हे तर माझ्या माहेरचंच काम!

ऑफिस अमेरिकेत, पण आत पाऊल टाकलं की जपान. अमेरिकन लोक पाचला कोट घालून निघायचे. जपानहून पाठवलेले इंजिनिअर मात्र साहेब उठेपर्यंत उठायचे नाहीत, काम संपलेलं असलं तरी बसून राहायचे, कागद इकडचे तिकडं करायचे. त्यांचा पगार कामावर नाही, कंपनीत किती वर्षं झाली त्यावर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर तिकडं कोणी मोठं समजतच नसे, मशिन बनवणारा तो खरा इंजिनिअर आणि प्रोग्रॅमवाला त्याच्या मागं उभा राहणारा. हे मला मोरीसाननं सांगितलं, सान म्हणजे आपलं राव. मोरीसान माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, तिशीचा असेल, तीन वर्षांसाठी आलेला, हुशार इतका की बघत राहावं. आम्ही दोघं एकच प्रोग्रॅम लिहायचो, अर्धा त्याचा, अर्धा माझा. त्याच्या नोंदी जपानी भाषेत, पण इंग्रजी अक्षरांत, त्या वाचता याव्यात म्हणून मी शंभरेक शब्द पाठ केले होते.

आणि माझी स्थिती काय, तर मी प्रोग्रॅम लिहिते पण हुद्दा असिस्टंट. फोन वाजला की बायकांनी उचलायचा, पाहुणे आले की बायकांनी कॉफी न्यायची. माझ्यानंतर लागलेला एक गोरा प्रोग्रॅमर, ज्याला मीच शिकवलं, त्याचा पगार माझ्या दीडपट. त्यानंच सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं मला माहीत असेल. आमचे साहेब एंदोसान, पन्नाशीचे, फार सभ्य गृहस्थ, त्यांना मी विचारलं, तर म्हणाले, ते जरा अवघड आहे. त्या ऑफिसात अवघड म्हणजे नाही. हे समजायला मला वर्ष लागलं.

तर त्या हिवाळ्यात मोठा डेमो होता. तास-दीड तासावर एक कारखाना, त्यांना आमची बरीच कंट्रोल्स घ्यायची होती. एंदोसान आधीच पुढं गेलेले, मी आणि मोरीसान गाडीनं निघणार, तेवढ्यात फोन वाजला आणि तो मी उचलला. मोरीसानची बायको. तिला इंग्रजी जेमतेम, ती नुसतं म्हणत राहिली, हॉस्पिटल, मोरी, प्लीज, हॉस्पिटल. तिचे दिवस भरत आले होते, मग शेजारणीनं फोन घेतला आणि कुठल्या हॉस्पिटलात आणलंय ते सांगितलं. मी मोरीसानला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि मग त्यानं काय करावं, तर बॅग उचलली आणि म्हणाला, चला, उशीर होतोय, मी संध्याकाळी जाईन.

काय सांगू, मला माझंच आठवलं. माझा मोठा झाला तेव्हा असाच बर्फ, ना आई, ना सासू, आणि नर्स काय विचारतेय ते कळांच्या मधे इंग्रजीत समजून घ्यायचं. मला इंग्रजी येत होतं तरी ही गत! मी म्हणाले, मोरीसान, तुमच्या बायकोला कुठं दुखतंय हेसुद्धा सांगता येणार नाही तिथं. मी त्याच्या हातातली बॅग घेतली, म्हणाले, मी करते डेमो, तुम्ही जा. त्यानं विचारलं, एंदोसान काय म्हणतील. मी म्हणाले, जे म्हणतील ते मला म्हणतील. गेला तो, पळत गेला, मफलर खुर्चीवरच राहिला.

कारखान्यात एंदोसाननी मला एकटीला बघितलं आणि विचारलं, मोरी? मी सांगितलं. त्यांची मान ताठ झाली. तिथला फोरमन म्हणाला, इंजिनिअर कुठाय? मी म्हणाले, मीच. मशिन सुरू केलं, पहिला कट छान, आणि हत्यार बदलल्यावर ते निघालं की उलट्या बाजूला! लाल बटण दाबलं मी, मशिन थांबलं. दहा-बारा माणसं बघतायत, फोरमन हसतोय. मी प्रोग्रॅमचे कागद जमिनीवर पसरले आणि कोट घालून गुडघ्यावर बसले. तो भाग मोरीसानचा होता. मिगी म्हणजे उजवं, हिदारी म्हणजे डावं, एवढं मला येत होतं. वाचता वाचता कळलं, आमच्या मशिनवर हत्यारं समोरून लागतात, यांच्या मशिनवर पाठीमागून. म्हणजे याचं उजवं ते त्याचं डावं. एक सेटिंग बदललं, आधी हवेतच चालवून बघितलं, मग लोखंडाला लावलं. आवाज ऐकला आणि मला कळलं की जमलं. फोरमन जवळ येऊन तो तुकडा मोजत बसला, मग हसायचा थांबला. ऑर्डर मिळाली.

बाहेर पार्किंगमध्ये एंदोसान म्हणाले, तुम्ही मला फोन करून विचारायला हवं होतं. मी म्हणाले, विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अवघड आहे. मग माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ त्यांनी स्वतःच्या हातानं साफ केला.

मुलगी झाली मोरीसानला. मी हळिवाचे लाडू करून नेले, त्याच्या बायकोला ते काय आहे कळेना, पण तीन खाल्ले तिनं.

पुढच्याच महिन्यात मी एंदोसानच्या खोलीत गेले, म्हणाले, मला इंजिनिअर करा. ते म्हणाले, जपानच्या यादीत बायकांना तो हुद्दाच नाही, कारण बायका लग्न झालं की नोकरी सोडतात. मी म्हणाले, माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, आता मी काय म्हणून सोडू? पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना. त्यांनी जपानला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, त्यांनी परत लिहिलं. आठ महिने लागले, पण हुद्दा मिळाला, पगारही मिळाला, आणि फोन ज्याच्या टेबलाजवळ वाजेल त्यानं उचलायचा असं ठरलं.

मोरीसानचं मात्र तसं झालं नाही. त्याची परत जायची वेळ आली तोवर त्याच्या बरोबरीचे वर चढले होते, हा राहिला. कारण कोणी सांगितलं नाही, तिकडं सांगतच नाहीत. निरोपाला त्यांच्या घरी गेले तेव्हा मी सरळ विचारलं, माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं का? त्यानं मुलगी उचलून माझ्या मांडीवर दिली. त्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला, दुसरं काय करणार.

मी त्या ऑफिसात रिटायर होईपर्यंत राहिले, सतरा माणसं होती शेवटी माझ्या हाताखाली. आता हे नाहीत, मी एकटी असते, पण रिकामी नसते. इथल्या कुणा मराठी मुलीची आई व्हिसा मिळाला नाही म्हणून बाळंतपणाला येऊ शकली नाही की मला फोन येतो, मावशी, येता का? जाते मी, अजून बर्फातसुद्धा गाडी चालवते, बाळाला आंघोळ घालते, आईला गरम जेवायला घालते. देव सगळ्यांचं बरं करो. पण एक बघते, हे आताच्या बाळांचे बाप, हॉस्पिटलच्या खोलीतसुद्धा मांडीवर लॅपटॉप, म्हणे मावशी, फक्त पाच मिनिटं, टीम थांबलीय. मी म्हणते, बंद कर. करतो तो बंद, मी समोर उभीच असते ना!