मेसेज माझ्या नंबरवर

नाय नाय, मॅडम, थांबा जरा, फॉर्म नका काढू लगेच — तुमी तीन कार्डं सांगितली, मी तिन्ही ऐकली, आता मी बोलतो अन् तुमी नुसतं व्हय का नाय म्हणा. पहिलं हे तुमचं फॉरेक्स कार्ड. इथं रुपये भरायचे, आजच्या भावानं त्याचे कॅनडाचे डॉलर करून तुमी कार्डात टाकणार, मागून भाव चढला तरी आपल्याला काय धक्का नाय. बरोबर? अन् उतरला तर? — उतरला तर आपलं नशीब. हां. म्हंजी चढला तर तुमचं नुकसान अन् उतरला तर आमचं, असं तुमी म्हणताल, पण मला वाटतं दोन्हीकडून तुमीच फायद्यात ऱ्हात असताल, नायतर क्रांती चौकात एवढ्या मोक्याला एसी लावून कोण बसतं? राग मानू नका. मी शेंद्र्याचा माणूस, आमची जमीन कारखान्यांत गेली तवा इतक्या कागदांव सह्या केल्या, का आता छापील कागद दिसला की मी आधी मागची बाजू बघतो. दुसरं, बँकेचं साधं एटीएम कार्ड — ते तिकडं चालतं, पण दर खेपेला शेकडा तीन-साडेतीन वरचे कापतात, नोटा काढल्या की त्याचे येगळे, अन् ज्याचं मशीन हाय तो गोरा त्याचे येगळे. तिसरं क्रेडिट कार्ड — सामान घेतलं तर ठीक, पण नोटा काढल्या की त्याच दिवसापासून व्याज. आता त्यातच एक असं म्हणल्या तुमी, का वरचे टक्के अजिबात नाय. मग ती बँक काय धर्मादाय हाय का? — वर्षाची फी. हां, निघालं का नाय.

अन् एक म्हणल्या तुमी — तिकडचं मशीन इचारतं, रुपयात कापू का डॉलरमधी, तर डॉलर म्हणायचं, रुपये म्हणलं की ते आपल्या मनानं भाव लावतं. ही गोष्ट लई कामाची सांगितली. पण का सांगितली? ह्यात तुमाला तर काय मिळत नाय. — नाय, तसं नाय, माणूस चांगलं असू शकतं, मी कुठं नाय म्हणतो. सोनिया नाव ना तुमचं, पाटी दिसली. माझी पोरगी तुमच्याच वयाची. तिच्यापायीच हे सारं.

आता माझा सवाल ऐका, तो टक्क्यांचा नाय. ह्या तिघांत असं कंचं कार्ड हाय, का तिनं तिकडं कार्ड लावलं की मेसेज माझ्या मोबाईलवर येईल? तिच्या नाय, माझ्या. ती म्हंजी आमचं कुटुंब, रत्नमाला. पोरगी प्रेरणा, कॅनडात दिली, जावाई इंद्रजीत तिथं कंपनीत हाय. पोरीला सातवा लागला. आता आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी, पण ती म्हणली पप्पा, एवढा परवास डॉक्टर करू देत नाय, आईलाच पाठवा. माहेरच उठून चाललं म्हणा ना. अठ्ठावीस तारखेचं इमान हाय. डिंकाचे लाडू झाले, शेपा-बाळंतशेपा भरून ठिवल्या, राहिलं हे कार्ड. तर मेसेज — नुसता आकडा येतो का दुकानाचं नावबी येतं? — नावबी येतं. अन् गावाचं? — गावाचंबी. झ्याक. मग ते फॉरेक्सच द्या, टक्के कितीबी कापू द्या. अन् दिवसाला किती काढायचे ते आपल्याला ठरवता येतं म्हणल्या ना? वीस डॉलर लिहा. वीस. — हसू नका, तिला काय लागतंय, खायला पोरीच्या घरी, ऱ्हायला पोरीच्या घरी. जास्ती लागले तर फोन करायचा, मागायचे. मागतीच की सदतीस वर्षं. भाजीला मागती, बसला मागती, मी इचारतो कशाला, ती सांगती, मी देतो. आजपस्तोर मी कधी नाय म्हणलो असं झालं नाय — एखादी खेप सोडून.

ती खेपबी माझ्यामुळं नाय झाली. तिची आई वारली, तिकडं पिशोरला. मी व्हतो कंपनीत, दुसऱ्या पाळीला, फोन गेटवर जमा, अन् कपाटाची चावी माझ्या खिशात — ती खिशातच असती, घरात ठिवून कसं चालंल? तर हिच्याकडं बसला पैशे नाय. तर हिनं काय करावं? मालनबाईकडं गेली, शेजारच्या, अन् तिच्याकडून दोनशे रुपये घेतले. आता सांगा मॅडम, आप्पासाहेब तुप्याची बायको शेजाऱ्यापाशी हात पसरती, गावात माझी काय इज्जत राहिली? मी घरी आल्याव तेच म्हणलं तिला. म्हणलं, थोडं थांबायचं, मी आलोच असतो अकराला. — नाय, ती मालनबाईपण शेतात गेलती, तिला शोधण्यात येळ गेला. ही पोचली तवा माणसं आंघोळी करून घरी आलती. मुख दिसलं नाय तिला. ते झालं खरं. पण नंतर कधी काय बोलली नाय ती त्याच्यावर, कधीच नाय, इतकी वर्षं झाली. समजूतदार हाय. तुमी असं काय बघायल्या माझ्याकडं? — पाणी नको. बोला, फॉर्मचं बोला.

कागद? आणलेत ना. जावायानं मोबाईलवर पाठवले, मी शेंद्र्यात छापून घेतले, हे घ्या, पासपोर्टाची झेरॉक्स, हे तिकीट, हा इमिग्रेशनचा कागद. सही तिची लागंल? — तिला आणू उद्या, सही करती ती, सातवी झालीय. आधी माझी खातरजमा होऊ द्या. तिकिटाचं काय? — जायचंच हाय, येयाचं नाय, व्हय. येयाचं मागून काढू म्हणले जावाई, तवा स्वस्त मिळतं म्हणं. तुमाला काय वाटतं, मिळतं का स्वस्त? — नाय, मी तेच म्हणलं व्हतं, का दोन्ही संगं काढलेली बरी पडतात, पण जावायापुढं किती बोलणार. सहा महिन्यांचा तर सवाल हाय. बाळंतपण, सव्वा महिना, मग बारसं, मग थोडं पोरगं धरायला लागलं की ही येणार. — काय? कुठं लिहिलंय? दाखवा. मला विंग्रजी वाचता येत नाय, बोट ठिवून सांगा. — पाच वर्षं? अहो, पाच नाय, सहा महिने. नीट बघा. — एका खेपेला पाच वर्षांपस्तोर ऱ्हाता येतं. आई-बापासाठी असतोच तसा इसा. बरं, ऱ्हाता येतं म्हंजी ऱ्हायचंच असं थोडंच हाय. मिळत असंल मोठा तर मोठा काढला जावायानं, हुशार हाय तो. आपुन बसचा पास काढतो तर रोज जातो का.

पण तुमाला एक सांगतो. सांगू का नको… गेल्या महिन्यापासून ही मला कुकर लावायला शिकवायली. सदतीस वर्षांत मला चुलीपाशी उभं ऱ्हाऊ दिलं नाय, अन् आता म्हणती, बघा, तांदळाच्या वर दोन पेरं पाणी, तीन शिट्ट्या, मग बंद. डाळीचे डबे दाखवले, हळद कुठं, जिरं कुठं. परवा म्हणली, गोळ्या सकाळच्या लाल अन् रातच्या पांढऱ्या, पाठ करा. मी म्हणलं सहा महिन्यांनी तू येणारच हायस, कशाला एवढं? तर ती भांडं घासत व्हती, घासत राहिली. अन् साड्या — थंडीचा मुलूख, तिथं सुती साड्या कशाला न्यायच्या? साऱ्या घेतल्या. कपाट उघडलं तर तिचा कप्पा मोकळा. आता तुमी म्हणताल म्हातारा उगाच शंका घेतो. घेतो. मी शंका घेणाराच हाय, म्हणून तर म्हणलं मेसेज माझ्या नंबरवर पायजेत, म्हंजी ती कुठं हाय, काय करायली, इमानाचं ऑफिस का किराणा, मला इथं बसून कळंल. पोरीला इचारलं तर पोरगी तिच्याच बाजूनं बोलती.

टाका, टाका नंबर पासपोर्टाचा, मी थांबतो.

काय झालं? — असं कसं? तिच्या नावानं आधीच कार्ड हाय म्हंजी? दुसरी कोणी असंल. रत्नमाला काय एकच असती का ह्या शहरात. — रत्नमाला आप्पासाहेब तुपे. शेंद्रा. — हां. नाय, तशी दुसरी नसंल. — चुकून सांगून बसलात का? आता सांगितलंच तर पुरं सांगा, साहेबाला मी काय बोलणार नाय. कवा काढलं? — सोळा तारखेला. सोळाला तर ती मालनबाईबरोबर डोळे दाखवायला आलती इथं. मीच पैशे दिले रिक्षाचे, मोजून. डोळ्यात थेंब टाकले म्हणून संध्याकाळी पडून राहिली, मी चहा करून दिला तिला. — अन् कंचं काढलं तिनं? हेच? तुमच्यापाशीच बसली व्हती? इथंच, ह्या खुर्चीत? तिनंपण इचारलं का तुमाला, रुपयात कापायचे का डॉलरमधी? — आधीच मालूम व्हतं तिला. बरं.

नंबर कंचा दिलाय मेसेजला? — सांगता येत नाय. नका सांगू, मला कळलं. प्रेरणानं फोन पाठवला व्हता तिला, तोंड बघून बोलायला, मी म्हणलं बोलू द्या माय-लेकी. पण पैशे? पैशे कुठले तिच्याकडं? घरातला रुपया माझ्या हातातून जातो — थांबा. थांबा जरा. डबे करती ती कंपनीच्या पोरांचे, आठ वर्षं झाली, सोळा डबे. महिन्याला मी जातो खोल्यांवर पैशे आणायला. दोन वर्षांखाली पोरं कमी झाली, नऊच राहिली म्हणली ही. पण पिठाचा डबा तर तेवढाच सरतो, अन् पहाटं चारला उठती ती तेवढीच. अन् पिशव्यांवर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला, मी रोज बघतो — मला वाटलं कंपनीचा शिक्का असंल, डबा आत सोडायला. तो पैशे घ्यायचा स्कॅनर व्हता का मॅडम, तुमच्या टेबलावर हाय तसाच? — तसाच. मीच सकाळी त्या पिशव्या सायकलीला अडकवून गेटवर न्यायचो, पैशे मोजले पण पिशव्या कधी मोजल्या नाय. माझ्याच हातानं.

बंद करा ते कार्ड. — का नाय? नवरा हाय मी तिचा, तिच्या नावात माझं नाव हाय, तुमीच वाचलं आत्ता. — तिनंच यायला पायजे. मग मी उद्या आणतो तिला. आणतो अन् तुमच्यापुढं इचारतो, का बाई, काय कमी केलं मी तुला? अन्न कमी केलं, कपडा कमी केला? एकदा हात उगारला नाय. दारू नाय, पत्ते नाय. लोक काय काय करतात, मी नुसतं इचारलं, कशाला पायजेत. एवढंच. तेवढ्यावर कोणी —

नाय. नाय इचारणार. इचारलं अन् तिनं सांगितलं तर मी काय करू? ती कुकरच्या तीन शिट्ट्या शिकवती अन् मी मान हलवतो, तसंच चालू द्यावं अठ्ठावीसपस्तोर. भ्या वाटतं पोरी मला. तुला म्हणून सांगतो, बाहेर कोणाला सांगण्यासारखं नाय. घरात तिच्या बांगड्या वाजत असतात सारा दिवस, मी तिकडं ध्यान दिलं नाय कधी, पण परवा ती मालनबाईकडं गेली अन् घर असं गप झालं, का मी उठून टीव्ही लावला. एवढ्याशा टायमात. तिकडं बर्फ असतं म्हणं, पाय घसरतो. तिचा गुडघा दुखतो डावा, प्रेरणाला माहीत नाय ते, मला माहीत हाय.

असं करा. फॉर्म काढा तो. माझ्या नावानं काढा. व्हय, माझ्या — आप्पासाहेब रंगनाथ तुपे, लिहा. मीबी जातो. सुटकेस धरायला कोणतरी पायजे तिला, अन् नातवाचं तोंड मला बघू नाय का वाटत? वीस डॉलर नका लिहू, जेवढी हद्द असंल तेवढी लिहा, अन् मेसेज कोणाच्याबी नंबरवर जाऊ द्या, तिच्या जाऊ द्या. सही कुठं करू? इथं? — काय पायजे?

पासपोर्ट.

तो नाय माझ्याकडं. नाय म्हंजी काढलाच नाय. तिचा काढला तवा प्रेरणा दोघांचा भरत व्हती अर्ज, फोनवर ही म्हणली, यांचापण भर. ही म्हणली मॅडम, हिनंच म्हणलं. अन् मी म्हणलं, मला कशाला, सरकारला फुकटचे पैशे घालायचे, तुला जायचं तर तू जा.

— अठ्ठावीसपस्तोर नाय व्हणार. अन् त्याच्यावर इसा. मालूम हाय.

द्या त्या झेरॉक्सी इकडं. तिकिटाचीबी द्या. घ्या तुमी, तो पोऱ्या कवाचा उभा हाय मागं, त्याला घ्या.