मैथिली माघारी का आली?

आकाराम : म्हंजे संपलं?

राजेश्वरी : संपलं, आबा. मैथिली विमानतळावरून माघारी पळत येते, अर्णव तिला उचलून गरागरा फिरवतो. समाप्त.

आकाराम : आन् दुसऱ्या दिशी?

राजेश्वरी : दुसऱ्या दिवशीचं नसतं हो कादंबरीत.

आकाराम : का नसतं? दुसऱ्या दिशी ती उठली आसंल, च्या पिली आसंल. तिकडं दिल्लीला कालेज सुरू झालं आसंल, आन् ही हितंच. मग?

राजेश्वरी : अहो आबा, डोळ्याच्या ऑपरेशननं टीव्ही बंद झालाय, तू वाचतीयस तेच मोठ्यानं वाच, असं तुम्हीच म्हणालात. आता चुका काढताय. इकडं आमच्या विश्रामबागच्या कॉलेजात पोरी भांडतात या पुस्तकासाठी.

आकाराम : चुका न्हाई काढत. मधलं लय ग्वाड लिवलंय. तिचं वडील आजारी पडलं, तवा त्यो पोरगा दवाखान्याच्या पायरीवर बसून ऱ्हायला, आत गेला न्हाई. मला बी गलबलून आलं. पट्टीखाली पानी येऊ द्यायचं न्हाई म्हनून गप बसलो.

राजेश्वरी : मला वाटलं, प्रेमाचं पुस्तक म्हणून चिडाल.

आकाराम : प्रेम केलं त्याचं काय न्हाई. पोरगं सरळ हाय. माझा राग त्या मैथिलीवर हाय. येवडा अभ्यास केला, निवड झाली, आन् ऐन टायमाला पाठ फिरवली. फौजेत आसं पळून जानाऱ्याला भगोडा म्हनत्यात.

राजेश्वरी : काहीतरीच! जीव होता तिचा त्याच्यावर. लांब गेलं की तुटतंच सगळं.

आकाराम : कोन म्हनतं? मी फौजेतली सारी नोकरी लांबच काढली. जम्मू, तेजपूर, परत जम्मू. तुझी आई हितं पलूसला ऊस बघत हुती. तुटलं का?

राजेश्वरी : सोपं होतं का, ते आईला विचारा.

आकाराम : सोपं कुठलं? रडायची ती. मी बी रडायचो, कांबळ्यात त्वांड घालून. पर नोकरी सोडून या, असं कवा म्हनली न्हाई. म्हनली आसती तर आलो आसतो गं मी. आन् मग जल्मभर तिच्यावरच डाफरत बसलो आसतो.

राजेश्वरी : चला, पुस्तक ठेवते आता.

आकाराम : शेवटचं पान परत वाच बरं.

राजेश्वरी : कशाला?

आकाराम : आनंदाचं पान हाय न्हवं? मग वाचताना तुझा आवाज का बसला?

राजेश्वरी : घसा कोरडा पडला होता.

आकाराम : राजू, पट्टी डोळ्याला हाय, कानाला न्हाई. पुन्याला एमेस्सीला तुझा नंबर लागला. सोमवारी हजर व्हायचं. आन् तू म्हनतीस, आबांच्या डोळ्यात थेंब कोन घालनार, मी जात न्हाई. थेंब तर तुझी आई घालती. कोन हाय त्यो?

राजेश्वरी : धवल. माझ्या वर्गात होता. विश्रामबागेत त्यांचं सायकलचं दुकान आहे.

आकाराम : त्यो म्हनला, जाऊ नको?

राजेश्वरी : त्याला माहीतच नाही. मी सांगितलंच नाही. जा म्हणाला तर वाईट वाटेल, आणि जाऊ नको म्हणाला तरी वाईट वाटेल.

आकाराम : आता काय म्हनावं! ज्याच्यासाठी थांबायचं त्यालाच पत्ता न्हाई. त्या मैथिलीनं तरी काय केलं? तुझ्यासाठी शिक्षान सोडू का, म्हनून अर्णवला इचारलं? येवडं वझं आयतं पोराच्या गळ्यात घातलं, आन् वर म्हनायचं प्रेम.

राजेश्वरी : मला भीती वाटते हो, आबा.

आकाराम : वाटू दे. वाटतीया म्हंजे पोरगं मोलाचं हाय. लाव फोन.

राजेश्वरी : आत्ता? तुमच्यासमोर?

आकाराम : मला काय दिसतंय? ऐकू बी नको आसंल तर कानावर उशी धरतो.

(राजेश्वरी फोन लावते.)

राजेश्वरी : हॅलो, धवल? ऐक ना. माझा पुण्याला एमेस्सीला नंबर लागलाय. सोमवारी हजर व्हायचंय.

धवल : काय सांगतीयस! कधी कळलं?

राजेश्वरी : झाला आठवडा.

धवल : आणि मला आज सांगतीयस?

राजेश्वरी : तू काय म्हणशील, याची भीती वाटली.

धवल : वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? तू नसलीस की विश्रामबाग अगदी भकास होणार. पण तू गेलीच नाहीस तर मला तुझ्याकडं मान वर करून बघता यायचं नाही. बरं, बॅगा किती आहेत?

राजेश्वरी : काय?

धवल : बॅगा गं. रविवारी निघावं लागेल ना? गादी, पुस्तकं, सगळं एकटी एसटीत कशी चढवणार? मी येऊ का? का घरी चालणार नाही?

राजेश्वरी : थांब हं जरा. आबा, तो म्हणतोय, बॅगा न्यायला येऊ का?

आकाराम : येऊ दे की घरी. डाक्टरनं मला जड उचलायचं न्हाई म्हनून सांगितलंय.